तळ्याच्या काठावर वेखंड लावताना

वेखंडाची लागवड फसते ती बहुतेक वेळा पहिल्या महिन्याभरातच, आणि त्यामागचं कारणही ठरलेलं असतं: कंद खोल गाडलेला असतो. चिखलात वाढणारी वनस्पती, म्हणजे चिखलात नीट पुरली की झालं, असं कुणालाही वाटेल. पण जुन्या, भरलेल्या वेखंडाचा काठ वाकून पाहिला तर दिसतं की कंद चिखलात नसतोच. तो चिखलाच्या पाठीवरून आडवा सरपटत गेलेला असतो, अर्धा उघडा, वरून हिरवट तपकिरी, गळून गेलेल्या पानांच्या वळ्या अंगावर घेऊन. खाली गेलेली असतात ती फक्त मुळं. एवढं ध्यानात आलं की बेणं (लावायचे कंदाचे तुकडे) कसं कापायचं, किती पाण्यात लावायचं, खत कुठे घालायचं, पानं कुठून छाटायची, यातल्या बहुतेक गोष्टी वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

मुद्दा हवेचा आहे. काठच्या चिखलात वरचा पातळ थर सोडला तर प्राणवायू जवळपास नसतो. वेखंडाच्या पानांत, कंदात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात आणि पानातून शिरलेली हवा त्यांतून थेट मुळांच्या टोकापर्यंत पोचते. रुजलेला कंद प्राणवायूशिवायही बराच काळ तग धरतो. या बाबतीत पाणवनस्पतींतसुद्धा वेखंड चिवट. पण नुकत्याच कापलेल्या कांडीची, म्हणजे बेण्याच्या एका तुकड्याची, गोष्ट वेगळी. तिची मुळं तुटलेली, पानं छाटलेली, एका टोकाला उघडी जखम. अशी कांडी वीतभर चिखलाखाली ढकलली तर कोंब वर यायच्या आत ती जखमेकडून सडत जाते.

लावण्याआधी हातातलं झाड वेखंडच आहे ना, हे पाहून घ्यावं. पानं लांबून पाहिली तर पाणकणीस, पिवळ्या फुलांचा आयरिस आणि वेखंड यांच्यात सर्रास गल्लत होते. वेखंडाचं पान चपटं, ६० ते १२० सेंमी लांब आणि साधारण १ ते २.५ सेंमी रुंद. त्याची मधली शीर खरं तर मधोमध नसते, किंचित एका बाजूला सरकलेली असते, आणि बऱ्याच पानांच्या कडेला बारीक आडव्या चुण्या दिसतात. पानं बुडाशी एकमेकांना दोन रांगांत कवळून असतात आणि तिथे गुलाबी झाक असते. एवढं करूनही शंका राहिली तर पानाचं टोक बोटांत चुरगाळावं. गोडसर, उग्र, मसालेदार वास आला तर ते वेखंड. आयरिसच्या पानाला असा वास नाही. पाणकणसाचं पान आडवं कापलं तर जाडसर आणि जाळीदार दिसतं, आणि त्याला ठळक मधली शीर नसते. वेखंडाचा एक बुटका भाऊबंदही बागांत लावतात, अकोरस ग्रॅमिनियस. तो वासाने फसवतो, पण त्याची पानं गवतासारखी अरुंद असतात आणि त्यांवर उठून दिसणारी शीर नसते. तो हौदाला शोभतो. मोठ्या तळ्याचा काठ धरून ठेवण्याचं काम त्याच्याकडून होत नाही.

आपलं वेखंड म्हणजे अकोरस कॅलमस. पूर्वी ते अळूच्या कुळात धरत, आता अकोरेसी हे त्याचं स्वतंत्र कुळ आहे, आणि एकदल वनस्पतींच्या वंशवृक्षात सगळ्यांत आधी वेगळी झालेली फांदी ती हीच. मुळात ते आशियातलं. युरोपातल्या तळ्यांकाठी आज दिसतं ते सोळाव्या शतकात तिथे नेऊन लावलेल्या बेण्याचं, आणि ते वांझ आहे. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे बी धरतच नाही. आशियात दोन आणि चार संचांची झाडंही आहेत, उत्तर अमेरिकेत अकोरस अमेरिकानस ही बी धरणारी वेगळी जात आहे. लागवडीपुरतं सांगायचं तर वेखंड वाढवायचं ते कंदापासूनच. कुणी वेखंडाचं बी म्हणून पुडी पुढे केली तर ती न घेतलेली बरी. शिवाय एकाच गड्ड्यापासून वाढवलेला सगळा काठ एकाच झाडाच्या प्रती असतात, म्हणून मोठ्या तळ्याला निदान दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणचं बेणं मिसळलेलं आम्ही पसंत करतो. एखादा रोग आला तर सगळीकडे सारखाच पसरू नये, एवढाच हेतू.

बेणं ताजं हवं. औषधासाठी वाळवून विकतात त्या तुकड्यांतून काही उगवत नाही, कितीही दिवस भिजवा. ताजा कंद हाताला जड लागतो, बोटाने दाबला तर दबत नाही. कापला तर आतला भाग पांढरा ते फिकट गुलाबी, ओलसर, आणि वास लगेच दरवळतो. कापलेली बाजू तपकिरी आणि मऊ असेल, किंवा वेखंडाच्या वासाऐवजी आंबूस वास आला, तर तो तुकडा बाजूला टाकावा. अंगठ्याएवढी जाडी, म्हणजे दीड ते अडीच सेंमी, उत्तम. पेन्सिलीएवढे बारीक तुकडेही फुटतात, पण पहिलं वर्ष त्यांचं अंग धरण्यातच जातं.

दुसऱ्या तळ्यातून बेणं आणताना त्याबरोबर काय काय येतं, त्याचा विचार बेण्याइतकाच करावा लागतो. जलपर्णीचं एक पिल्लू, साल्व्हिनियाची दोन पानं किंवा टिकलीवेलाचे चार ठिपके मुळांत अडकून आले तर पुढची कित्येक वर्षं ते उपसत बसावं लागेल. गोगलगायींची अंडी पानांच्या बेचक्यात चिकट गोळ्यांसारखी असतात. म्हणून कंद आधी वाहत्या पाण्याखाली, ब्रश घेऊन, माती पूर्ण जाईपर्यंत धुवायचे. बुडाची सुकलेली पानं सोलून काढायची. मग पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात १० मिनिटं बुडवून पुन्हा स्वच्छ धुवायचे. त्यानंतर दोन आठवडे वेगळ्या टबात, उथळ पाण्यात ठेवायचे. टबातलं पाणी तळ्यात ओतायचं नाही, कोरड्या जमिनीवर टाकायचं. दोन आठवड्यांत जे उगवायचं ते टबात उगवतं आणि चिमटीने काढता येतं.

जागा निवडताना ऊन आणि उतार, दोन्ही पाहायचे. दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळालं तर वेखंड दाट वाढतं. अर्ध्या सावलीतही ते जगतं, पण पानं लांबतात आणि वाऱ्याने आडवी होतात. फार सुक्या, उष्ण वाऱ्याच्या जागी मात्र दुपारची थोडी सावली फायद्याची, नाहीतर पानांची टोकं करपत राहतात. उताराचा हिशोब सोपा आहे, तरी बहुतेक जण करत नाहीत. वेखंडाला हवी ती पट्टी म्हणजे ओल्या चिखलापासून साधारण १५ सेंमी पाण्यापर्यंतची. काठ पाच फुटांत एक फूट उतरत असेल तर ही पट्टी ७५ सेंमी रुंद मिळते आणि दोन-तीन ओळी आरामात बसतात. दोन फुटांत एक फूट असा उभा काठ असेल तर पट्टी ३० सेंमीचीच, म्हणजे एकच ओळ. उभ्या काठावर आणखी ओळी कोंबण्यापेक्षा कुदळीने एक पायरी कापून घेतलेली चांगली: ४० सेंमी रुंद, आतल्या बाजूला किंचित कललेली, म्हणजे माती तळ्यात घसरत नाही.

तळ्याची पातळी वर्षभर एकच नसते, आणि लावणाऱ्याची खरी अडचण तीच असते. आम्ही काठावर बांबूची काठी ठोकून तिच्यावर खुणा करतो: भरलेल्या तळ्याची रेघ, सर्वांत खाली गेलेल्या पाण्याची रेघ, आणि वर्षातला जास्तीत जास्त काळ पाणी जिथे असतं ती रेघ. लागवड या तिसऱ्या रेघेवर. वरच्या रेघेवर लावलेलं वेखंड अर्धं वर्ष कोरडं राहतं आणि तळहातभर उंचीवर अडून बसतं. खालच्या रेघेवर लावलेलं तळं भरलं की मीटरभर पाण्याखाली जातं. काठीवरच्या खुणा करायला एक वर्ष थांबायची तयारी नसेल तर काठावरच्या लव्हाळ्याकडे आणि दगडांवरच्या शेवाळाच्या पट्ट्याकडे पाहावं. दगडावर शेवाळाचा वाळलेला थर जिथे संपतो तिथपर्यंत पाणी नेहमी येतं.

माती जड हवी. साधी चिकणमाती किंवा गाळाची पोयटा माती तीन घमेली, जाड वाळू एक घमेलं, हे मिश्रण आम्हाला कुठेच दगा देत नाही. कुंडीसाठी विकत मिळणारं हलकं मिश्रण, कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, यांतलं काहीही पाण्याखाली घालू नये. ते तरंगतं, पाणी चहाच्या रंगाचं करतं आणि शेवाळाला मेजवानी देतं. न कुजलेलं शेणखत त्याहून वाईट. चिखलात ते कुजताना उरलासुरला प्राणवायू संपवतं आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो, जो कोवळ्या मुळांना मारक असतो. चिखल काळा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. पाण्याखालची माती काळी पडतेच. पहार खुपसून काढल्यावर नाक मुरडायला लावणारा वास येतो का, ते पाहायचं. येत असेल तर तिथला वरचा १५ सेंमी थर खरवडून काढून नवी माती भरावी.

लावायची वेळ: थंडी सरून कंदाचे कोंब हलायला लागले की. गार पाण्यात कांडी महिना-दीड महिना नुसती पडून राहते आणि त्या काळात कुजण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. दुसरीकडे, तळं पावसाने भरायच्या आत मुळं धरायला निदान पाच-सहा आठवडे मिळायला हवेत, नाहीतर पहिल्या लोंढ्यात सगळं बेणं पलीकडच्या काठाला गोळा झालेलं सापडतं.

आता कापणी, आणि इथे जरा थांबून काम करायचं. धुतलेला गड्डा फळीवर ठेवून नीट पाहिला तर कंदाला पुढचं आणि मागचं टोक असतं. पुढे पानांचा झुबका आणि त्याच्या पोटात वाढता कोंब. मागे मागे जावं तशा वळ्या जवळजवळ येतात, कंद काळपट होतो आणि शेवटी पोकळ. मध्ये बाजूंना वळ्यांच्या आड लहान डोळे असतात, तांदळाच्या दाण्याएवढे, नख लावलं तर टणक लागतात. सगळ्यांत खात्रीचं बेणं म्हणजे पुढच्या टोकाचा ६ ते ८ सेंमीचा तुकडा. मधल्या भागाचे तुकडे करायचे तर प्रत्येकावर निदान दोन जिवंत डोळे हवेत आणि लांबी तेवढीच ठेवावी. ते फुटायला दुप्पट वेळ घेतात. काळा, पोकळ मागचा भाग सरळ टाकून द्यायचा. सुरी धारदार हवी, कारण चेचलेली जखम भरत नाही. दोन गड्ड्यांच्या मध्ये सुरी स्पिरिटने पुसून घ्यावी. मुळं ५ ते ८ सेंमी ठेवून बाकीची कातरायची. लांब मुळं खड्ड्यात दुमडली जातात आणि दुमडलेली मुळं कांडीला वर उचलतात. कापलेल्या टोकांना लाकडी कोळशाची पूड किंवा चाळलेली राख लावून कांड्या तीन-चार तास सावलीत ठेवल्या की जखम कोरडी होते. त्यापेक्षा जास्त वेळ ठेवायचं असेल तर ओल्या गोणपाटात.

पानं किती छाटायची, याचा थेट संबंध पाण्याच्या खोलीशी आहे. पूर्ण पानं ठेवली तर मुळं नसलेली कांडी त्यांना पाणी पुरवू शकत नाही आणि वाऱ्याने हलून ती उपटली जाते. म्हणून छाटायची, पण छाटलेलं टोक पाण्याच्या वर निदान ५ ते ८ सेंमी उरायलाच हवं. कापलेली पानं पाण्याखाली गेली की हवेचा रस्ताच बंद होतो. पाणकणीस मारायचं असेल तर ते पाण्याखाली कापतात ते याच कारणाने. तीच वागणूक वेखंडाला दिली तर निकाल फारसा वेगळा लागत नाही. ओल्या चिखलात लावायच्या कांडीला १५ सेंमी पान पुरे. ८ सेंमी पाण्यात लावायची असेल तर २० सेंमी ठेवावं.

लावताना जागेवरचं पाणी शक्य असेल तर थोडं उतरवून घ्यावं, म्हणजे हात काय करतोय ते दिसतं. चिखलात हाताने एक लांबट चर काढायची, ५ ते ६ सेंमी खोल. कांडी आडवी ठेवायची, मुळं खाली पसरून, कोंबाचं टोक किंचित वर आणि ज्या दिशेला झाड पसरायला हवं त्या दिशेला. वेखंड पुढे चालत जातं, मागे वळत नाही; सगळे कोंब तळ्याच्या मध्याकडे तोंड करून लावले तर दोन वर्षांत काठ रिकामा आणि पाण्यात गर्दी अशी स्थिती येते. काठाला समांतर, एकाआड एक उलटसुलट दिशेने लावलेलं उत्तम. मग मुळांवर माती ओढून अंगठ्याने दाबायची, पण कंदाची पाठ उघडी राहू द्यायची. अर्धा सेंमी मातीचा हात फिरला तर चालतं, त्याहून जास्त नको.

असा उथळ लावलेला तुकडा तरंगणारच, कारण आत हवा आहे. म्हणून प्रत्येक कांडीवर बांबूच्या कामटीची किंवा गंज न धरणाऱ्या तारेची इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची खुंटी मारावी, पाय २० सेंमी लांब. तांब्याची तार वापरू नये, तांबं पाण्यातल्या जिवांना बाधतं. खुंटी कंदाला टेकेल इतकीच दाबायची, रुतेल इतकी नाही. कामटी दीड-दोन वर्षांत कुजून जाते, तोवर मुळांनी पकड घेतलेली असते. ज्या काठाला लाटा लागतात तिथे पुढे काथ्याचा गुंडाळा खुंट्यांनी बसवला आणि त्याच्या मागच्या शांत पाण्यात लागवड केली तर माती वाहून जात नाही.

दोन कांड्यांत ३० सेंमी, दोन ओळींत ३० सेंमी, आणि ओळी तिरक्या, म्हणजे एका ओळीतली कांडी दुसरीच्या मोकळ्या जागेसमोर. १० मीटर काठाला दोन ओळी म्हणजे साधारण ६६ कांड्या. नांग्या, म्हणजे न रुजलेल्या कांड्यांच्या रिकाम्या जागा, भरायला ८-१० जास्तीच्या धराव्यात आणि त्या उथळ ट्रेमध्ये चिखलात वाढत ठेवाव्यात. मोकळ्या जागी नवीन कापलेली कांडी लावण्यापेक्षा ट्रेमधलं मुळं धरलेलं रोप लावलं तर ते बाकीच्यांना लवकर गाठतं.

प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या तळ्यात माती थेट पसरण्याऐवजी टोपली वापरावी. ३० सेंमी रुंद आणि २० सेंमी खोल टोपलीत १२ लिटरच्या आसपास माती बसते आणि तीन कांड्या. जाळीतून माती झिरपू नये म्हणून आत गोणपाट. कांड्या टोपलीच्या एका कडेला लावून कोंब समोरच्या कडेकडे वळवायचे, म्हणजे त्यांना चालायला पूर्ण रुंदी मिळते. वर २ सेंमी धुतलेली बारीक खडी, पण कंदाची पाठ सोडून. तळ्यात कोई किंवा दुसरा मोठा मासा असेल तर खडी जाड घ्यावी, अंड्याएवढे गोटे. बारीक खडी ते तोंडाने उचलून बाजूला करतात आणि माती उकरतात. टोपली पाण्यात सोडण्याआधी भरपूर भिजवून घ्यायची, नाहीतर बुडताना बुडबुडे येऊन वरची माती उसळते.

पातळी हातात असेल तर पहिले तीन-चार आठवडे पाणी कंदाच्या पाठीइतकंच, फार तर २ सेंमी वर. नवं पान १५ सेंमीचं झालं की ५ सेंमी, आणि झाड हातभर झालं की १० सेंमी. मोठं झालेलं वेखंड १५ सेंमी पाणी सहज सोसतं, तळं भरल्यावर काही दिवस त्याहून जास्तही, पानांची टोकं बाहेर असेपर्यंत. टोपलीखाली विटा ठेवल्या की ही पातळी सांभाळणं सोपं: झाड वाढेल तशी एकेक वीट काढायची. जुनी छाटलेली पानं या काळात पिवळी पडून वाळतात. ती वाळणारच आहेत. मधून नवी पोपटी सुरळी वर येते की नाही, तेवढं पाहायचं. कांडी रुजली का हे बघायला ती उपटू नये. पान दोन बोटांत धरून हलकेच वर ओढावं. रुजलेली कांडी चिखलासकट ओढल्यासारखी जड लागते.

महिना उलटूनही हालचाल नसेल तर एखादी कांडी धुऊन पाहायला हरकत नाही. नवी मुळं पांढरी असतात आणि जुन्या मुळांवर गंजासारखा तांबूस थर दिसतो. हा थर रोग नव्हे, उलट शुभवर्तमान. मुळांतून बाहेर झिरपणाऱ्या प्राणवायूने चिखलातलं लोह गंजून त्यांच्यावर बसतं, म्हणजे हवेचा रस्ता चालू आहे. मुळं काळी, बोटाने ओढल्यावर साल निघून आत दोरा उरत असेल तर कूज आहे. मऊ भाग पांढरं अंग दिसेपर्यंत कापून टाकावा, कोळशाची पूड लावावी आणि कांडी नव्या जागी आणखी उथळ लावावी. चिखलात बुरशीनाशक ओतणं हा उपाय नाही. ते तळ्यात जातं आणि खोल गाडलेली कांडी तशीच खोल राहते.

पानं पिवळी पडण्याची कारणं वेगवेगळी, आणि कोणतं पान पिवळं आहे त्यावरून ती ओळखता येतात. बाहेरची, जुनी पानं अख्खी पिवळी आणि वाढ खुंटलेली असेल तर नत्र कमी पडतंय. मधलं नवं पान फिकट आणि त्यावर उभ्या हिरव्या रेघा असतील तर लोह मिळत नाहीये. ही तक्रार कठीण पाण्यात आणि नव्या सिमेंटच्या हौदात जास्त. नवा सिमेंटचा हौद तीन-चार वेळा भरून रिकामा केल्याशिवाय त्यात काहीच लावू नये. वेखंडाला ५.५ ते ७.५ सामू मानवतो. फक्त टोकं तपकिरी असतील तर कोरडी हवा किंवा मधे एकदा चिखल तडकला असावा. चिखलाला भेगा पडल्या की कोवळी मुळं तुटतात. कंद त्यातून वाचतो, पण हंगाम गेला.

पहिल्या वर्षी खत देऊ नये, असं आमचं ठाम मत. मुळं नसलेल्या झाडाला दिलेलं खत शेवाळच खातं. दुसऱ्या वर्षापासून, नवी वाढ सुरू होताना, पाणवनस्पतींसाठीची सावकाश विरघळणारी खताची गोळी कंदाच्या पुढच्या बाजूला, १० सेंमी खोल, बोटाने खुपसून भोक मातीने बंद करायचं. ३० सेंमीच्या टोपलीला एक-दोन गोळ्या पुरतात. मासे असतील आणि त्यांना रोज खाणं पडत असेल तर तेवढंही लागत नाही.

किडींचा त्रास या झाडाला कमी. वासामुळे जनावरंही सहसा तोंड लावत नाहीत. पण पानांच्या बुडाशी, कवळलेल्या घडीत, पिठ्या ढेकूण लपतो. कापसासारखे ठिपके दिसले की पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावं, आणि जिथे दाट झालंय तिथली बाहेरची पानं सोलून काढावीत. कोरड्या दिवसांत लाल कोळ्याने पानावर बारीक फिके ठिपके येतात. त्यालाही पाण्याचा फवारा हाच इलाज. पानांवर तपकिरी डाग वाढत असतील तर ती पानं, पाण्याच्या वर ५-८ सेंमी राखून, कापून तळ्यापासून दूर टाकावीत. बदकं पानं खात नाहीत, मात्र नव्या लागवडीतून चालत जाऊन कांड्या उखडतात. पहिले दोन महिने वर जाळी ताणली की पुरे. खरं तण म्हणजे पाणकणीस. त्याचं बी वाऱ्याने येतं, रोप पहिल्या वर्षी वेखंडातच मिसळून जातं आणि तिसऱ्या वर्षी काठ त्याचा होतो. न वास येणारं, फिक्या राखाडी-हिरव्या झाकेचं पान दिसलं की मुळासकट उपटायचं.

फुलोऱ्याची फार वाट पाहू नये. तो पाण्यात उभ्या असलेल्या, अंग धरलेल्या झाडालाच येतो, ओल्या चिखलातल्या झाडाला क्वचित. पानासारख्या दांड्याच्या मधेच, तिरपं बाहेर आलेलं, ४ ते ९ सेंमीचं हिरवट पिवळं कणीस, एवढंच ते असतं. पानांच्या गर्दीत शोधूनच काढावं लागतं.

दोन-तीन वर्षांत टोपली भरते. कंद कडेवरून बाहेर लोंबायला लागतात, मधला भाग विरळ होतो आणि पानं आखूड येतात. जमिनीवरच्या काठात हेच दिसायला थोडा जास्त काळ लागतो. तेव्हा पुन्हा नव्या वाढीच्या तोंडावर गड्डा काढायचा. काठावर फावड्याने चहूबाजूंनी कापून एक हात रुंदीचे तुकडे उचलावेत आणि एकाआड एक तुकडा जागेवरच राहू द्यावा, म्हणजे काठ उघडा पडून ढासळत नाही. काढलेल्या तुकड्यांतली पुढची टोकं बेण्याला घ्यायची, मधल्या डोळ्यांचे तुकडे ट्रेमध्ये. कंदात बीटा-असरोन हे घातक द्रव्य कमीअधिक प्रमाणात असतं आणि अमेरिकेत १९६८ पासून अन्नात वेखंड वापरायला बंदी आहे, तेव्हा उरलेले कंद पोटात घेण्यासाठी कुणाला वाटत बसू नये.

जास्तीचं बेणं ओढ्यात किंवा नदीत सोडायचं नाही. बी नसलं तरी दोन डोळ्यांचा तुटका तुकडा वाहत जाऊन कुठेही रुजतो, आणि जिथे ते मुळात नव्हतं तिथल्या काठावर ते पाहुणं राहत नाही. कोवळे आणि ताजे कंद कंपोस्टच्या ओल्या ढिगातही फुटतात. आधी त्यांचे उभे काप करून कडक उन्हात, फरशीवर, मोडताना कटकन आवाज येईपर्यंत वाळवावेत आणि मगच ढिगात घालावेत.